कारकुनाची वही

९ जानेवारी

ही डायरी ताईची. औषध कंपन्या निवृत्त परिचारिकांनाही डायऱ्या पाठवत राहतात. ताईला त्यात लिहायचं काही नसतं, म्हणून ती माझ्या टेबलावर येऊन पडली. मला मात्र लिहायचं आहे. तीस जूनला मी निवृत्त होते. संस्था माझा गौरवग्रंथ काढणार आहे आणि त्यात माझा स्वतःचा एक लेख हवाय. प्रथिनांवर मी शेकडो पानं लिहिली, स्वतःवर एक ओळ नाही. रोज थोडं खरडलं तर जूनपर्यंत कच्चा माल जमेल.

ग्रंथात आमचा तो आलेखही छापायचा आहे, ज्याने प्रयोगशाळेचं नाव झालं: आमचं प्रथिन तांब्याला किती घट्ट धरतं, त्याचा. पकड ढिली आहे, असा आमचा आकडा. त्यावरून आम्ही दाखवलं की हे प्रथिन पेशीतला हमाल आहे. तांबं उचलतं, पुढे देतं. तो आलेख बारा वर्षांपूर्वीच्या यंत्रावरचा, आता फिकट दिसतो. नव्या यंत्रावर पुन्हा काढायला मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे माझे शेवटचे संशोधक विद्यार्थी. अडतिशीचे आहेत, दहा वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मग इकडे आले. हात जड, चाल सावकाश, पण सांगितलेलं काम विसरत नाहीत. म्हटलं आठवड्याचं काम आहे. ते म्हणाले, "पंधरा दिवस धरा, मॅडम."

मास्तरांचे आठवडे मोठे असतात.

१६ जानेवारी

मास्तर माझे दोन जुने पेपर घेऊन आले. दोन्हींवर पेन्सिलीच्या रेघा. शाळेतली सवय.

"मॅडम, पहिल्या पेपरात बफर पन्नास घेतलंय, दुसऱ्यात वीस."

"मग?"

"पकडीच्या आकड्यातही अडीच पटींचाच फरक आहे."

"मधे यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं. तळटीप आहे तशी."

"हो, तळटीप वाचली," म्हणाले, आणि उभेच राहिले.

लेखासाठी हे सोप्या भाषेत लिहून ठेवते. बफर म्हणजे द्रावणाची आम्लता एका जागी टिकवून धरणारं रसायन. प्रथिनं नाजूक, आम्लता जरा ढळली की मोडतात. म्हणून आधी बफर, त्यात प्रथिन, मग तांबं थेंबाथेंबाने सोडायचं आणि प्रथिनाचा उजेड किती मंदावतो ते यंत्रावर वाचायचं. आमच्याकडे बफर म्हणजे ट्रिस. माझ्या गुरूंकडेही ट्रिसच होतं. घरात मीठ कुठल्या डब्यात ठेवायचं हे जसं कोणी बसून ठरवत नाही, तसंच ते.

"ट्रिसच का, मॅडम?"

"चालतं म्हणून."

"तांब्याबरोबर चालतं का, असं विचारतोय."

"बारा वर्षं चालतंय, मास्तर."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. थट्टा करत होते की काय, कळलं नाही. तशी त्यांना थट्टा येत नाही.

२५ जानेवारी

मास्तरांनी मला न विचारता चार वेगवेगळ्या प्रमाणांत ट्रिस घेऊन प्रयोग केले. दहा, वीस, पन्नास, शंभर. ट्रिस वाढवलं की पकड ढिली होत जाते. प्रथिन तेच, तांबं तेच, पीएच तोच.

मी म्हटलं, मोजण्यात चूक आहे.

"चारही वेळा एकाच बाजूला चूक कशी होईल, मॅडम?"

माझा आवाज चढला. आलेख काढायला सांगितला होता, उलटतपासणी घ्यायला नव्हे, असं काहीतरी बोलले. काचेपलीकडची माणसं बघायला लागली. मास्तरांनी चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं."

घरी आल्यावर ताईने रक्तदाब पाहिला. आकडा सांगितला नाही, नुसतं "आडवी हो" म्हणाली. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचं न सांगणंसुद्धा पेशंटला कळतं, हे तिला कोण सांगणार?

६ फेब्रुवारी

मास्तरांनी बफर बदललं. पाइप्स नावाचं एक बफर आहे. आम्लता ट्रिससारखीच सांभाळतं, पण त्याचे रेणू तांब्याला जवळजवळ शिवत नाहीत. ट्रिसच्या रेणूला नत्राचा एक हात असतो, आणि तांब्याला नत्राची ओढ. म्हणजे प्रथिनाला मिळायचं तांबं आधी ट्रिसच अडवून ठेवत होतं. प्रथिनाची पकड ढिली नव्हतीच. त्याच्या वाट्याला तांबं उरतच नव्हतं.

पाइप्समध्ये पकड एकशे दहा पट घट्ट आली. तीनदा केलं, तीनदा तीच. आमचं प्रथिन हमाल नाही. ते तांबं कुलूपबंद करून ठेवणारं आहे. म्हणजे तीन पेपर, एक पुस्तकातलं प्रकरण आणि माझी दोन सन्मानपत्रं चुकीच्या गोष्टीबद्दल आहेत.

आणि हे माझ्यासारखीला माहीत नसावं? धातूचे आयन असतील तर बफर आधी तपासा, फॉस्फेट घेतलंत तर धातू गाळ होऊन खाली बसेल, सायट्रेट घेतलंत तर धातू त्याच्याच कुशीत जाईल. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. ट्रिसचं नाव त्या यादीत मी कधी घेतलं नाही.

एकशे दहा. सात वर्षांपूर्वी याच टेबलाशी मी एकशे सात ऐकलं होतं. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

८ फेब्रुवारी

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

सात वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. आम्ही तिला कारकून म्हणायचो. किती वाजले, खिडकी उघडी होती का, कुठल्या कपाटातली कुठली बाटली, सगळं वहीत टिपून ठेवायची. "अगं, शिंक आली तर तीही लिही," असं मी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते. तिने हसून खरंच लिहिली होती.

एके दिवशी ती पकडीचा आकडा घेऊन आली. एकशे सात पट. मी म्हटलं, पुन्हा कर. पुढच्या आठवड्यात पुन्हा केलं तर जुनाच आकडा आला. मग पहिला आकडा आला कुठून? मी विभागाला कळवलं. समिती बसली. समितीत दोघे भौतिकीचे, एक कार्यालयातले. ती सारखी सांगत राहिली की त्या दिवशी बफर वेगळं होतं, शेजारच्या प्रयोगशाळेतून आणलं होतं. वहीतली नोंद नंतरही घालता येते, म्हणून त्यांनी बाटली दाखव म्हटलं. आमच्या कपाटात तसली बाटली नव्हती. शेजारची प्रयोगशाळा तेवढ्यात दुसऱ्या इमारतीत हलली होती, तिथे विचारायला कोणी गेलं नाही. मला विचारलं, बफरने इतका फरक पडू शकतो का? मी म्हणाले, शंभर पट नाही पडत. त्या वेळच्या माझ्या माहितीप्रमाणे ते प्रामाणिक उत्तर होतं.

"आकडे बनवले" असा शेरा मारून तिला काढलं.

आज तिची वही कपाटातून काढली. तो दिवस सापडला. "दुपारी २.१०. ट्रिस संपलं, नवीन सोमवारी येणार. शेजारून पाइप्स आणलं, बाटली अर्धी. खिडकी बंद. डाव्या बोटाला कापलंय, दोन हातमोजे. मॅडमना बफरचं सांगितलं. 'बरं' म्हणाल्या."

हे 'बरं' मला आठवत नाही. माणूस कामात असला की दिवसातून पन्नास वेळा बरं म्हणतो.

२० फेब्रुवारी

मास्तर विचारतात, जर्नलला कधी कळवायचं. म्हटलं, एका धातूवर भरवसा ठेवून चालणार नाही, जस्त घालून बघा. फॉस्फेटमध्येही करून बघा. त्यांनी केलं. फॉस्फेटमध्ये जस्त पडताच नळी दुधाळ झाली. बारीक पांढरा गाळ तळाला. ते होणारच होतं. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. ते नळी धुवायला घेऊन गेले.

शास्त्रात घाई करून चालत नाही.

३ मार्च

ताईला जेवताना सगळं सांगितलं. तिला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकून घेतलं. मग भात कालवता कालवता म्हणाली, "म्हणजे बाळाला सांभाळायला ठेवलेली बाईच त्याचं दूध पीत होती, आणि तुम्ही म्हणत होतात बाळाला भूक नाही."

मी हसले. ती हसली नाही.

"ती मुलगी घरी आली होती गं," म्हणाली. "काढल्यावर आठेक दिवसांनी. तू आतल्या खोलीत होतीस. मला म्हणालीस, नाहीये म्हणून सांग. मी सांगितलं. दारात तुझ्या चपला होत्या. तिने चपलांकडे बघितलं आणि 'बरं, येते' म्हणाली."

मी म्हटलं, "तेव्हा समितीचं काम चालू होतं. भेटणं योग्य नव्हतं."

"काढल्यावर म्हणाले मी," ताई म्हणाली, आणि ताट उचलून गेली.

१९ मार्च

विशेष काही नाही. नव्या यंत्रावर जस्ताचा तिसरा संच. दुपारी ग्रंथाच्या संपादकांचा फोन. मुखपृष्ठावर माझा कुठला फोटो घ्यायचा ते विचारत होते. तरुणपणचा द्या म्हटलं. संध्याकाळी बरं वाटलं, ताईबरोबर बागेपर्यंत चालून आले.

२८ मार्च

कारकुनाची वही माझ्या टेबलावर उघडी राहिली. मी सहसा काही उघडं ठेवत नाही. मास्तर कागदांवर सही घ्यायला आले तेव्हा मी बाहेर होते. परत आले तर ते उभ्यानेच वाचत होते.

"ही कोणाची?"

सांगितलं. ते खुर्चीत बसले. माझ्यासमोर ते सहसा बसत नाहीत. एकेक पान उलटत राहिले.

"मॅडम, मी दहा वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यात. बनवलेली वही पहिल्या पानावर कळते. बनवणारा बोटाला कापलेलं लिहीत नाही."

"समितीने निर्णय दिला होता, मास्तर."

"समितीला बफर म्हणजे काय हे कोणी सांगितलं होतं?"

उत्तर त्यांना ठाऊकच होतं.

"जर्नलचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "मी थांबेन. पण या बाईंना सांगायला कशाला थांबायचं? यात अजून कुठला संच करायचाय?"

जाताना वही व्यवस्थित मिटून ठेवून गेले.

५ एप्रिल

गेले होते. मास्तरांनीच पत्ता काढला. शहराबाहेर दुधाची डेअरी आहे, तिथे टँकरमधल्या दुधाची आम्लता तपासण्याचं काम करते ती. लांबलचक खोली, फरशी सतत ओली, आंबट वास. पांढरा कोट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. केस मधेमधे पांढरे झालेत. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आहे ती.

मला बघून दचकली नाही. "दोन टँकर उभे आहेत. थांबा," म्हणाली. पाऊण तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी तिला काम करताना पाहिलं. अजूनही प्रत्येक नमुन्याची वेळ लिहिते.

मग हात पुसत आली. "बोला, मॅडम."

मी सांगितलं. ट्रिस, पाइप्स, सगळं. गाडीत बसून वाक्यं जुळवली होती, ती एकही उपयोगी पडली नाही.

"किती पट आलं?" तिने विचारलं.

"एकशे दहा."

"माझं एकशे सात होतं." मग विचारलं, "कोणी केलं?"

"एक संशोधक आहेत. मास्तर म्हणतो आम्ही."

"हात चांगला आहे त्यांचा."

तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसेल असं वाटलं होतं. राग परवडला असता. ती खिडकीबाहेर बघत होती, हिशेब करत असल्यासारखी.

"बाबांना सांगायला हवं होतं," म्हणाली.

मी लगेच म्हटलं, "चल ना. मी येते. आत्ता येते, मीच सांगते त्यांना."

"बाबा गेले. गेल्या महिन्यात. एकोणीसला."

तिचे वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, हे मला आज कळलं. तीन वर्षं ती माझ्याकडे होती, मी कधी विचारलं नव्हतं. "गिऱ्हाइकांना सांगायचे, पोरगी तांब्यावर संशोधन करते," ती म्हणाली. "नंतर कोणी विचारलं की म्हणायचे, तिला कंटाळा आला, सोडलं तिने. मला कधी विचारलं नाही त्यांनी, तू केलंस का म्हणून. सात वर्षांत एकदाही नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. न विचारणाऱ्याला कसं सांगायचं, मॅडम?"

मग माझ्याकडे सरळ बघून तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

मला दुसरी तारीख सांगता आली असती. काल कळलं म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं. जीभ वळत होती. पण तोंडातून खरं निघालं: "सहा फेब्रुवारीला."

तिला बोटांवर मोजावं लागत नाही. "एकोणीस मार्चपर्यंत एक्केचाळीस दिवस," म्हणाली.

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. ती उठली, हातमोजे चढवले. "मला काही नकोय. फक्त तो शेरा काढा. आईसाठी."

परत कशी आले ते नीट आठवत नाही. ताईने जेवायला हाक मारली, गेले नाही. ती येऊन शेजारी बसली, नाडीवर बोटं ठेवून.

९ एप्रिल

संचालकांना भेटले. त्यांनी चहा मागवला, म्हणजे बातमी त्यांच्या कानावर आधीच गेली होती.

"शुद्धिपत्र द्याच, मॅडम. त्यात कमीपणा नाही. पण तांत्रिक ठेवा. बफरच्या निवडीत सुधारणा, एवढंच. आणि जुलैत द्या, ग्रंथ तेवढा बाहेर पडू दे."

"आणि ती मुलगी?"

"तिचं नाव कशाला परत उकरायचं? तिचीच बदनामी होईल."

मी "बघते" म्हणाले. जिना उतरताना लक्षात आलं की मला हायसं वाटतंय. तिची बदनामी होऊ नये, हे कारण मला पटायला लागलं होतं. दुसऱ्या जिन्यापर्यंत तर ते माझंच मत झालं होतं.

घरी ताईला सांगितलं. ती वर्तमानपत्र वाचत होती. वर न बघता म्हणाली, "या खेपेला दार उघडून नाहीये सांगायचं काम मी करणार नाही हं."

१४ एप्रिल

जर्नलला पत्र पाठवलं. तीनही पेपर चुकीचे आहेत, कारण ट्रिस तांबं धरतं. योग्य आकडा सात वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थिनीने काढला होता. तो खरा होता आणि मी तो नाकारला. तिचं पूर्ण नाव लिहिलं. विभागालाही शेरा काढण्याबद्दल पत्र दिलं. मास्तरांना मसुदा दाखवला तेव्हा त्यांनी एका ठिकाणी पेन्सिलीने खूण केली. मी लिहिलं होतं, "नाकारला गेला." त्यांनी सुचवलं, "मी नाकारला."

७ मे

जर्नलने पत्र स्वीकारलं. दोन जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. एक म्हणाला, तुझं धाडस मोठं. दुसरा म्हणाला, निवृत्तीच्या तोंडावर ही काय अवदसा आठवली. दोघांचंही बोलणं सारखंच नकोसं वाटलं. धाडस वगैरे ऐकलं की मी फोन लवकर ठेवते. का ते अजून इथे लिहिलेलं नाही.

१२ जून

आज ती पत्र न्यायला आली. विभागाने शेरा रद्द केला, तसं लेखी पत्र काढलं. पुन्हा प्रवेश घ्यायचा तर घेता येईल, असंही त्यात आहे. ते वाचून ती म्हणाली, "माझी पहाटेची पाळी असते," आणि पत्राची घडी घातली.

बरोबर आई होती. ठेंगणी, एका पायाने अधू. माझ्या खोलीत येताच आईने माझे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडायचे? सात वर्षं पोरगी मान खाली घालून चालली. कोणी शोधायला आलं नाही, तुम्ही आलात. ह्यांना बघायला मिळालं असतं तर..."

मी मुलीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. म्हणजे तिने आईला सांगितलंच नव्हतं, आरोप कोणी केला होता. इतकी वर्षं नाव घेतलं नव्हतं.

"आई, चल. पत्र मिळालंय," ती म्हणाली.

माझे हात अजून त्या बाईंच्या हातात होते. गरम, खरखरीत हात. मी म्हणाले, "तिच्यावर आरोप करणारी मीच."

त्यांना आधी कळलं नाही. मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग कळलं. हात सोडले. ओरडतील, शिव्या देतील असं वाटलं. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग तेव्हाच का नाही तपासलंत?"

सात वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. समितीने नाही, मास्तरांनीसुद्धा नाही. सगळ्यांना वाटलं, बाईंना ठाऊक नव्हतं. या डायरीतही मी तेच लिहीत आले.

मी खुर्चीत बसले आणि सांगितलं. ती मुलगी आकडा घेऊन आली त्याच दिवशी बफर बदलल्याचं बोलली होती, आणि मी ऐकलं होतं. ट्रिस तांबं धरत असेल तर माझं सगळं काम गेलं, हे मला तेव्हाच, एका मिनिटात समजलं होतं. तपासायला एक दुपार लागली असती. संध्याकाळी ती घरी गेल्यावर मी कपाट उघडलं, पाइप्सची बाटली काढली आणि शेजारच्या प्रयोगशाळेत स्वतः परत नेऊन दिली. तिथल्या माणसाने विचारलं, झालं का काम? मी म्हणाले, झालं.

समितीने बाटली दाखव म्हटलं तेव्हा मी त्याच खोलीत बसले होते.

मग मुलगी हळूच भिंतीशी टेकली, तशीच खाली सरकली आणि जमिनीवर बसली. "बाटली होती," ती म्हणाली. "आई, बाटली होती." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मला वाटायला लागलं होतं, नव्हतीच म्हणून. वाटायचं, मीच वहीत नंतर लिहिलं असेल. वेड लागलंय मला असं वाटायचं."

आई तिच्याजवळ बसली. अधू पाय लांब करून, कष्टाने. तिचं डोकं छातीशी धरलं. दोघींपैकी कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. मी उठून बाहेर जायला हवं होतं की थांबायला, कळलं नाही. मी बसून राहिले.

बऱ्याच वेळाने मुलगी उठली, तोंड पुसलं, टेबलावरचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

"हे लिहून द्या. आत्ता सांगितलंत ते सगळं. सही करून."

मी लिहिलं. तिने उभ्याने वाचलं, दोनदा. कागद घेतला. आईला हाताला धरून उठवलं. दारात आई थांबली आणि म्हणाली, "तुम्हाला मुलं आहेत का, बाई?"

"नाही."

"तरी कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

१३ जून

त्या कागदाची नक्कल काढून सकाळी संचालकांना दिली. त्यांनी चहा मागवला नाही. गौरवग्रंथ रद्द. चौकशी सोमवारी अकरा वाजता; निवृत्तिवेतनावरही परिणाम होऊ शकतो, म्हणाले. मी ऐकून घेतलं.

मास्तर टेबल आवरत होते. त्यांना दुसऱ्या मार्गदर्शकांकडे पाठवायचं ठरलंय. त्यांनाही कागद वाचायला दिला. वाचून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले, खूप वेळ. "मला वाटलं होतं, तुम्हाला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाले. जाताना नेहमी "येतो मॅडम" म्हणतात. आज नुसती मान हलवली.

ताईला संध्याकाळी सगळं सांगितलं. मग तिने कपाटातून सोमवारी नेसायची साडी काढून खुर्चीवर टाकली.

"कुठे?" मी विचारलं.

"तुझ्याबरोबर. आत नाही येणार, बाहेर बाकावर बसेन."

"माझ्याशी बोलशील?"

"ते आत्ता नाही सांगता येत," ताई म्हणाली, आणि इस्त्री लावली.